उपकारक भेसळ : कार्बनी पदार्थांतील वीज आणि ट्रान्झिस्टर

‘भेसळ’ हा शब्द आपल्या कानास गोड लागत नाहीं. दुधांत पाणी, तिखटांत विटकरीची भुकटी, हळदींत पिवळा रंग, असे प्रकार ऐकतांच गृहिणीच्या कपाळास आठ्या पडतात, आणि त्या पडाव्या हें योग्यच आहे. परंतु दुसरें द्रव्य मिसळणें म्हणजे नेहमींच फसवणूक, असें मात्र नव्हे. सोनार अगदीं शुद्ध सोन्याची बांगडी सहसा घडवीत नाहीं. चोवीस कॅरटचें सोनें इतकें मऊ असतें कीं रोजच्या वापरांत तिला चार दिवसांत पोचे पडतील. म्हणून तो बाराव्या हिश्श्यानें तांबें, रुपें इत्यादि धातु त्यांत मिसळतो, तेव्हां बावीस कॅरटचें कणखर सोनें सिद्ध होतें. पोलाद म्हणजे तरी काय? लोखंडांत शेंकडा एकाच्या आंतबाहेर कार्बन. अशा ठिकाणीं भेसळ ही लबाडी नसून कारागिरी असते. मात्र कोणतें द्रव्य, किती आणि नेमकें कोठें मिसळावयाचें, ह्याचें ज्ञान कारागिरापाशीं हवें.

विजेच्या शास्त्रांत ह्याच ज्ञानानें गेल्या पाऊणशें वर्षांत जगाचें रूप पालटलें आहे. तेथें ह्या हेतुपुरस्सर केलेल्या भेसळीस ‘डोपिंग’ म्हणतात. वृत्तपत्रांत हा शब्द आपण खेळाडूंनीं घेतलेल्या निषिद्ध औषधांसंबंधीं वाचतों. शास्त्रज्ञांनीं तो निर्दोष अर्थानें योजिला आहे. सिलिकॉनच्या डोपिंगविषयीं वरच्या वर्गांच्या पुस्तकांत पुष्कळ माहिती असते. प्रस्तुत लेखांत मुख्यत्वें कार्बनच्या पदार्थांतील डोपिंगचा विचार करावयाचा आहे. कारण एक तर तो विषय शालेय पुस्तकांत क्वचित् येतो, आणि दुसरें असें कीं त्याचें एक सुंदर उदाहरण आपल्या वाकोल्याच्या ईशान्येस, पवईच्या तलावाशेजारीं घडलेलें आहे. तेथें पोंचण्यापूर्वीं थोडी पायाभरणी करूं.

तांब्यांतून वीज सहज वाहते. कांच व रबर यांतून मुळींच वाहत नाहीं म्हटलें तरी चालेल. सिलिकॉन हें वाळूंतून निघणारें मूलद्रव्य ह्या दोहोंच्या मधलें, म्हणून त्यास अर्धवाहक म्हणतात. त्याच्या स्फटिकांत प्रत्येक अणु आपल्या चार शेजाऱ्यांशीं चार इलेक्ट्रॉनांच्या द्वारें हात गुंफून उभा असतो. सर्वांचेच हात गुंतलेले. मग वीज वाहून नेणार कोण? उष्णतेच्या धक्क्यानें एखाददुसरा इलेक्ट्रॉन सुटतो, तेवढाच काय तो. एका घन सेंटिमीटर सिलिकॉनमध्यें अणु असतात सुमारें पांचावर बावीस शून्यें मांडावीं इतके, आणि नेहमींच्या तपमानास सुटे इलेक्ट्रॉन असतात अवघे हजार कोटींच्या आसपास. हजार कोटी हा आंकडा आपणांस प्रचंड वाटतो खरा, परंतु अणूंच्या दुनियेंत तो चिमूटभरही नाहीं.

आतां दर दहा लक्ष अणूंमागें एक अणु फॉस्फरसचा घाला. त्याच्या बाहेरच्या कक्षेंत पांच इलेक्ट्रॉन असतात. चार शेजाऱ्यांस चार दिले कीं पांचवा मोकळा हिंडूं लागतो. एवढ्याशा मिसळीनें सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या सुमारें पन्नास लक्ष पटींनीं वाढते. फॉस्फरसऐवजीं बोरॉन घातला तर प्रकार उलट होतो. त्याजपाशीं इलेक्ट्रॉन तीनच असल्यामुळें एक जागा रिकामी राहते. वर्गांतल्या लांब बांकावर कडेचा एक विद्यार्थी गैरहजर असतां बाकीचे एकेक जागा सरकत गेले, तर रिकामी जागा दुसऱ्या टोंकास जाऊन पोंचते; तसेंच येथें शेजारचे इलेक्ट्रॉन एकामागून एक सरकतात आणि रिकामी जागाच जणूं धन विद्युद्भाराप्रमाणें उलट दिशेस प्रवास करिते. तिला पोकळी म्हणतात. हा शब्द ध्यानांत ठेवावा, पुढें तो वारंवार लागणार आहे.

१९४७ सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. तो सिलिकॉनचा नसून जर्मेनियमचा होता. विल्यम शॉक्ली यांसह त्या तिघांस १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज सर्वत्र वापरांत असलेला ट्रान्झिस्टर रचनेनें त्याहून निराळा आहे, पण त्याचें काम पाण्याच्या नळाच्या उपमेनें चांगलें समजतें. एका टोंकाकडून विद्युद्भार शिरतो त्यास सोर्स म्हणावें, दुसऱ्या टोंकाकडून बाहेर पडतो त्यास ड्रेन, आणि मध्यें विजेस अटकाव करणाऱ्या पातळ पापुद्र्याच्या पलीकडे बसलेली जी चावी, ती गेट. गेटवर विद्युद्दाब दिला म्हणजे खालच्या अर्धवाहकांत विद्युद्भार गोळा होतो व वाट खुली होते. दाब काढतांच वाट मिटते. चांगल्या नळाची परीक्षा आपण कशी करितों? उघडला असतां भरपूर धार यावी, बंद केला असतां एक थेंबही गळूं नये, आणि चावी फिरविण्यास फार जोर लागूं नये. ट्रान्झिस्टराची परीक्षाही ह्याच तीन कलमांनीं होते. डोपिंगनें त्याचा गुण वाढला असें जेव्हां म्हणतात, तेव्हां ह्यांपैकीं कोणतें कलम सुधारलें हें विचारल्याशिवाय समाधान मानूं नये. कारण, पुढें दिसेल त्याप्रमाणें, एक सुधारतांना दुसरें बिघडणें हाच ह्या विद्येंतला नित्याचा पेंच आहे.

आतां कार्बनकडे वळूं. रसायनशास्त्रांत कार्बनच्या संयुगांस सेंद्रिय म्हणतात. पालकांनीं हा शब्द भाजीच्या दुकानांत वाचला असेल. तेथें त्याचा अर्थ रासायनिक खतांवांचून पिकविलेलें असा असतो. येथें अभिप्रेत असलेल्या सेंद्रिय पदार्थांत मात्र डांबर, राकेल, प्लॅस्टिक, रंग हे सगळे येतात. ह्या कुळांतील बहुतेक मंडळी विजेची शत्रु. विजेच्या तारेवर आपण प्लॅस्टिकचें वेष्टण घालतों तें ह्याच विश्वासानें. पण कुळांत अपवादही आहेत. हिरा आणि पेन्सिलींतील ग्रॅफाइट दोन्ही शुद्ध कार्बनच; हिऱ्यांतून वीज वाहत नाहीं, ग्रॅफाइटांतून वाहते. मऊ काळ्या पेन्सिलीनें कागदावर आंखूड व जाड पट्टा गडद गिरवावा, आणि नऊ व्होल्टच्या घटमालेशीं एक लहानसा एल. ई. डी. दिवा ह्या पट्ट्यामार्फत जोडावा. दिवा मंद कां होईना, पेटतो. पट्टा लांब केला कीं तो आणखी मंदावतो.

ग्रॅफाइटांत वीज कां वाहते? कार्बनच्या चार हातांपैकीं तीनच शेजाऱ्यांत गुंतलेले असतात. चौथा इलेक्ट्रॉन कोणा एकाचा न राहतां सर्वांच्या सामाईक मालकीचा होतो. कांहीं लांब सांखळीच्या रेणूंतही असेंच घडतें. त्यांत कार्बनच्या अणूंमध्यें एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, पुन्हां एकेरी, अशी ओळीनें मांडणी असते, आणि दुहेरी बंधांतील इलेक्ट्रॉन सांखळीभर पसरलेले असतात. अशी सर्वांत साधी सांखळी म्हणजे पॉलिअ‍ॅसेटिलीन. शुद्ध स्थितींत मात्र तिच्यांतून वीज फारशी वाहत नाहीं. वाट आहे, पण वाटसरू नाहींत.

वाटसरू कसे मिळाले, ती कथा मौजेची आहे. १९६७ सालीं टोकियो येथें हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेंत एका पाहुण्या संशोधकाच्या हातून उत्प्रेरक द्रव्य हजारपट अधिक पडलें. नेहमींची काळी भुकटी न होतां भांड्याच्या आंत चंदेरी, चकचकीत पापुद्रा धरला. दुसऱ्या कोणी तो खरवडून फेंकून दिला असता. शिराकावांनीं तो जपला व तीच कृति पुन्हां पुन्हां करून बसविली. १९७५ सालीं ॲलन मॅक्डायर्मिड हे न्यूझीलंडांत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ टोकियोस गेले असतां त्यांनीं तो पापुद्रा पाहिला आणि शिराकावांस अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत बोलाविलें. तेथें पदार्थविज्ञानाचे ॲलन हीगर होतेच. २३ नोव्हेंबर १९७६ रोजीं त्या पापुद्र्यास ब्रोमीनची वाफ दिली, आणि कांहीं मिनिटांत त्याची वाहकता सुमारें कोटीपट वाढली. आयोडीननेंही तोच चमत्कार होतो. १९७७ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें व २००० सालीं तिघांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. ब्रोमीनसारख्या द्रव्याचा संयोग झाल्यावर सेंद्रिय पदार्थ वीज वाहतो, हें जपानांत अकामात्सु, इनोकुची व मात्सुनागा यांनीं १९५४ सालींच पेरिलीन नामक पदार्थावर दाखविलें होतें. परंतु तो पदार्थ टिकाऊ नव्हता.

आयोडीननें केलें काय? तें इलेक्ट्रॉनांचें मोठें लोभी. सांखळीतून तें इलेक्ट्रॉन ओढून घेतें, मागें पोकळी उरते, आणि ती सांखळीवरून धांवूं लागते. म्हणजे बोरॉनचेंच कार्य. पण येथें एक मोठा भेद आहे, आणि तो नीट समजल्याशिवाय पुढचें कांहींच समजणार नाहीं. सिलिकॉनमध्यें भेसळीचा अणु मूळ अणूची जागा घेऊन रांगेंत बसतो. कार्बनी पदार्थांत तो सांखळ्यांच्या मधल्या फटींत शिरतो, भिंतींत विटेऐवजीं वीट न बसवितां दोन विटांमध्यें खुंटी ठोकावी तसा. खुंट्या थोड्या असतां भिंत उभी राहते. फार झाल्या कीं भिंतच विसकटते.

शिवाय त्या खुंट्या पुष्कळच लागतात. सिलिकॉनला दहा लक्षांत एक पुरतो, तर कार्बनी पदार्थांत शेंकडा एक ते दहापर्यंत भेसळ करावी लागते. ह्याचें कारण विद्युद्भारांच्या ओढींत आहे. इलेक्ट्रॉन घेतलेला आयोडीन ऋण झाला, मागें राहिलेली पोकळी धन. दोन विरुद्ध भार एकमेकांस ओढतात. सिलिकॉनचा स्फटिक ह्या ओढीस सुमारें बारा पटींनीं क्षीण करितो, म्हणून भार सहज सुटतो. कार्बनी पदार्थ ती तीन-चार पटींनींच क्षीण करितात. परिणाम असा कीं पोकळी निर्माण झाली तरी ती आपल्या जन्मदात्याच्या भोंवतींच घोटाळत राहते. दोरीनें खुंट्यास बांधलेल्या वासरासारखी. शंभर वासरें जन्मास घालावीं तेव्हां त्यांतलीं थोडींच चरावयास मोकळीं सुटतात.

वाटही सिलिकॉनमधल्याप्रमाणें सरळ नाहीं. सांखळी संपली कीं भारास पुढच्या सांखळीवर उडी मारावी लागते, आणि वाटेंत खड्डे असतात. रचनेंतील दोष, अडकलेला पाण्याचा रेणु, प्राणवायूचा रेणु, हे सगळे खड्डे. पावसाळ्यांत वाकोल्याच्या पुलाखालून जाणारास हें अधिक समजावून सांगण्याची जरूरी नाहीं. पहिले कांहीं विद्युद्भार ह्या खड्ड्यांत पडून तेथेंच राहतात. म्हणून कार्बनी ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या स्फटिकापेक्षां शेंकडों पटींनीं मंद असतो, आणि संगणकाच्या मेंदूंत तो सिलिकॉनची जागा घेईल असें जें कधीं कधीं लिहिलें जातें तें मला तरी पटत नाहीं. त्याचें सामर्थ्य दुसरीकडे आहे. तो शाईप्रमाणें द्रवांत विरघळवून कागदावर किंवा प्लॅस्टिकवर पसरतां येतो, त्यास हजार अंशांची भट्टी लागत नाहीं, तो वांकतो, आणि सजीव शरीरांतील ओलाव्याशीं त्याचें जमतें. १९८६ सालीं जपानांतील मित्सुबिशी कंपनीच्या त्सुमुरा, कोएझुका व आंदो यांनीं पॉलिथायोफीन नांवाच्या सांखळीचा ट्रान्झिस्टर प्रसिद्ध केला, तेव्हांपासून ह्या विद्येस खरा वेग आला.

आतां वर सांगितलेला पेंच येतो. वाहकता वाढवावयाची म्हणून सबंध पापुद्रा भेसळीनें भरून टाकला, तर वाटसरू इतके होतात कीं गेटची चावी बंद केली तरी ते थांबत नाहींत. धार वाढली, पण नळ गळूं लागला! ट्रान्झिस्टर राहिला नाहीं, नुसती तार झाली. म्हणून जाणते लोक तीन युक्त्या करितात. पहिली अशी कीं अगदीं अल्प भेसळ करावी, इतकी कीं तिच्यापासून निघालेले विद्युद्भार फक्त खड्डे भरण्यापुरते पुरतील. खड्डे भरले म्हणजे गेटनें बोलाविलेले भार त्यावरून निर्वेध धांवतात. चावीही हलकी होते, कारण पूर्वीं गेटचा अर्धा जोर खड्डे भरण्यांतच खर्च होत असे. दुसरी युक्ति म्हणजे मधला भाग शुद्ध ठेवून फक्त दोन टोंकांशीं, जेथें धातु व कार्बनी पदार्थ एकमेकांस भिडतात तेथें, दाट भेसळ करावी. आगगाडीच्या डब्याची पायरी आणि फलाट यांत अंतर असलें कीं गाडींत जागा असूनही दारांत खोळंबा होतो. तसाच खोळंबा धातूच्या टोंकाशीं होत असतो. टोंकाशीं भेसळ केल्यानें तो बराच कमी होतो व नळाच्या गळतीचें भय राहत नाहीं. माझ्या मतें तिन्ही युक्त्यांत ही सर्वांत शहाणी. तिसरी युक्ति गेटजवळचा एक अत्यंत पातळ थरच डोप करून चावी किती दाबानें उघडावी हें हवें तसें ठरविण्याची. जर्मनींत ड्रेस्डेन येथें कार्ल लिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं अशा पातळ थराच्या योगें, सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरांत असते तशीच क्रिया कार्बनी पदार्थांतही घडवितां येते, हें दाखविलें.

भेसळीचें द्रव्य कोणतें घ्यावें ह्यासही महत्त्व आहे. आयोडीन स्वस्त व सोपें, परंतु तें स्थिर राहत नाहीं. कपाटांतील डांबराच्या गोळीप्रमाणें हळूंहळूं उडून जातें, नाहीं तर पापुद्र्यांत इकडून तिकडे भटकतें. म्हणून ड्रेस्डेनच्या मंडळींनीं मोठे, जड, इलेक्ट्रॉनलोभी रेणु वापरण्याची पद्धति परिपूर्ण केली. एका प्रसिद्ध रेणूचें नांव एफ-४-टी-सी-एन-क्यू असें लांबलचक आहे. नांव पाठ करण्याची जरूरी नाहीं. त्याच विद्येचा एक प्रसाद आज पुष्कळ पालकांच्या खिशांत आहे. ज्या भ्रमणध्वनींचा पडदा ओ. एल. ई. डी. जातीचा असतो, त्यांत प्रकाश देणाऱ्या कार्बनी थरापर्यंत वीज पोंचविण्यास असे डोप केलेले थर योजतात. मात्र त्या पडद्याच्या पाठीमागील ट्रान्झिस्टर सामान्यतः कार्बनी नसतात.

पोकळ्या निर्माण करणें त्यांतल्या त्यांत सोपें. इलेक्ट्रॉन देणारी भेसळ फार कठीण. जो रेणु इलेक्ट्रॉन देण्यास उतावीळ असतो, तो समोर प्रथम येईल त्यास देऊन टाकतो, आणि हवेंत प्रथम समोर येतो तो प्राणवायु किंवा पाण्याची वाफ. मुंबईच्या जुलै महिन्यांत असें द्रव्य उघडें ठेवणें म्हणजे दानशूर गृहस्थास जत्रेंत सोडणें होय. २०१० सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत झेनान बाओ यांच्या गटानें असें एक द्रव्य पुढें आणलें कीं जें हवेंत स्वस्थ राहतें, आणि पापुद्र्यांत मिसळून तापविल्यावरच आपलें इलेक्ट्रॉनांचें दान करितें. ह्या एका युक्तीनें पुष्कळ अडलेलीं कामें मार्गीं लागलीं.

येथवर परदेशाचें झालें. आतां घराकडे येऊं, आणि त्यासाठीं निळीची आठवण काढली पाहिजे. आपला ‘नील’ शब्द अरबी व्यापाऱ्यांच्या तोंडून पोर्तुगीजांकडे गेला व तेथें ‘अनिल’ झाला. ज्या साष्टी बेटावर आपलें वाकोला वसलें आहे, तेथें १७३९ पर्यंत त्याच पोर्तुगीजांचा अंमल होता. १८४० च्या सुमारास फ्रिट्शे नांवाच्या रसायनज्ञानें निळीपासून एक तेलकट द्रव काढला व त्यास ह्या शब्दावरून ‘अ‍ॅनिलीन’ असें नांव दिलें. पुढें तोच द्रव डांबरांतूनही मिळूं लागला. १८५६ सालीं अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिंवतापावरील क्विनाइन कृत्रिम रीतीनें करूं पाहत असतां त्याच्या हातीं ह्याच कुळांतून जांभळा रंग लागला, आणि कृत्रिम रंगांचें युग सुरू झालें. सुती कापडावर छापला जाणारा ‘अ‍ॅनिलीन ब्लॅक’ हा पक्का काळा रंग त्याच घराण्यांतला. १८६२ सालीं लंडनमध्यें लेथबी यांनीं अम्लांत विरघळविलेल्या अ‍ॅनिलीनमधून वीज सोडली, तेव्हां धातूच्या पट्टीवर हिरवट निळा थर बसला. आज त्यास पॉलिअ‍ॅनिलीन म्हणतात. त्यांतून वीज वाहूं शकेल हें ध्यानांत येण्यास मात्र शंभर वर्षें जावीं लागलीं.

रंगांची विद्या मुंबईस परकी नाहीं. गिरण्यांच्या ह्या शहरांत १९३३ सालीं मुंबई विद्यापीठानें रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला. माटुंग्याची आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी ती हीच. तेथील संचालक के. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांच्या रसायनावरील ग्रंथ १९५२ सालीं निघाला व जगभर मान्यता पावला. रंग आणि अर्धवाहक यांचें हें नातें योगायोगाचें नव्हे. रेणूंत इलेक्ट्रॉन दूरवर पसरलेले असले म्हणजे ते दृश्य प्रकाश शोषून घेतात, म्हणून पदार्थ रंगीत दिसतो. आणि तेच पसरलेले इलेक्ट्रॉन विजेचीही वाट होतात.

पॉलिअ‍ॅनिलीनचा गुण विलक्षण आहे. त्यास डोप करण्यास आयोडीन नको, साधें अम्ल पुरतें. अम्लांतील हायड्रोजनचे धन आयन सांखळीतील नायट्रोजनच्या अणूंवर जाऊन बसतात. सांखळीचा एकही इलेक्ट्रॉन कोणी काढून नेत नाहीं, तरी तिची आंतली मांडणी बदलते व पोकळ्या मोकळ्या होतात. अल्कली घातली कीं आयन निघून जातात व वाट बंद होते. अम्लांत तो थर पाचूसारखा हिरवा व वाहक. अल्कलींत निळा व जवळ जवळ अवाहक. दोन्ही स्थितींतील वाहकतेंत शंभर कोटी पटींहूनही अधिक अंतर पडतें. म्हणजे आयोडीनच्या भेसळीप्रमाणें एकदां केली व संपली अशी ही भेसळ नव्हे. हवी तेव्हां घालावी, हवी तेव्हां काढावी. अमेरिकेंत राइटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८४-८५ च्या सुमारास अशा सांखळ्यांचे, द्रवांत बुडवून चालणारे सूक्ष्म ट्रान्झिस्टर केले होते.

पवईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९५८ सालीं स्थापन झाली. तेथील ए. क्यू. कॉन्ट्रॅक्टर, आर. लाल, आर. एस. श्रीनिवास व त्यांचे सहकारी यांनीं ह्या ट्रान्झिस्टरास एक निराळेंच काम सांगितलें. एकमेकांच्या अगदीं निकट असलेल्या दोन सूक्ष्म अग्रांवर विजेच्या साह्यानें पॉलिअ‍ॅनिलीनचा थर वाढवावयाचा, व त्यांत एन्झाइम अडकवून ठेवावयाचें. एन्झाइम हा सजीवांतील पदार्थ फार एकनिष्ठ. तो एकाच जातीच्या रेणूवर क्रिया करितो. साखरेच्या एन्झाइमानें ग्लुकोजचें ग्लुकॉनिक अम्ल होतें. युरियाच्या एन्झाइमानें युरियाचा अमोनिया होतो, व तो अल्कलीच्या बाजूचा. चरबीच्या एन्झाइमानें ट्रायग्लिसराइडांतून स्निग्ध अम्लें सुटतात. म्हणजे थेंबांत जें असेल त्याप्रमाणें थराच्या आंतच अम्ल किंवा अल्कली उत्पन्न होते, त्यानुसार डोपिंग वाढतें वा घटतें, आणि दोन अग्रांमधील प्रवाह बदलतो. गेटची चावी येथें मनुष्याच्या हातीं नाहीं. ती त्या थेंबाच्या हातीं आहे. १९९२ सालीं त्यांनीं हें काम ‘अ‍ॅनॅलिटिकल केमिस्ट्री’ ह्या अमेरिकन नियतकालिकांत प्रसिद्ध केलें, आणि १९९६ मध्यें तेथेंच अशा अनेक ट्रान्झिस्टरांची रांग मांडून ग्लुकोज, युरिया व ट्रायग्लिसराइड हीं तिन्ही एकाच मिश्रणांत मोजतां येतात हें दाखविलें.

ज्या घरांत कोणास मधुमेह आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा हृदयाची काळजी आहे, त्या घरांतील मंडळींस ह्या तीन नांवांची ओळख करून द्यावयास नको. औषधांच्या दुकानांत मिळणारें साखर मोजण्याचें लहान यंत्र मात्र सामान्यतः निराळ्या तत्त्वावर चालतें. तेथें एन्झाइमाच्या क्रियेंत सुटलेले इलेक्ट्रॉनच सरळ मोजतात. पवईच्या पद्धतीपुढें दोन अडचणी होत्या, त्या प्रांजळपणें सांगितल्या पाहिजेत, कारण सर्व जगांत ह्या विषयावर काम करणारांस त्या भोंवतात. पहिली अशी कीं पॉलिअ‍ॅनिलीन अम्लांत जागें असतें व उदासीन द्रवांत झोंपीं जातें, तर बहुतेक एन्झाइमांस उदासीन द्रवच मानवतो. सून व सासू यांस एकाच चुलीवर स्वयंपाक करावयास लावल्यासारखी ही स्थिति. दुसरी अडचण रक्ताचीच. निसर्गानें रक्तांत असे क्षार ठेविले आहेत कीं थोडें अम्ल आलें काय अन् थोडी अल्कली आली काय, रक्ताचा स्वभाव बदलूं नये. शरीराच्या दृष्टीनें हें वरदान आहे; पण अम्लाच्या बदलावरच ज्याचें वाचन अवलंबून, त्या यंत्राच्या दृष्टीनें ती अडगळ होते. त्यामुळें ग्लुकोज तेवढेंच असूनही दोन निरनिराळ्या द्रवांत आंकडा निराळा येऊं शकतो.

भेसळ घालतां व काढतां येते म्हणजे काय, ह्याची कल्पना घरीं करून पाहण्याजोगी आहे. अ‍ॅनिलीन विषारी आहे, त्याच्या वाटेस जाऊं नये. त्याऐवजीं हळद घ्यावी. पाण्यांत कालविलेली हळद टिपकागदाच्या पट्टीस लावून ती सावलींत वाळवावी. तीवर खाण्याच्या चुन्याची निवळी किंवा साबणाचें पाणी थेंबभर टाकतांच पट्टी कुंकवासारखी तांबडी होते. आपल्याकडे पूर्वीं कुंकू हळदींत अल्कली मिसळून ह्याच गुणावर करीत. आतां तांबड्या डागावर लिंबाचा रस सोडावा, पिवळा रंग परत येतो. पुन्हां चुना, पुन्हां लिंबू, असें किती वेळां करितां येतें, आणि प्रत्येक खेपेस रंग पूर्वींइतकाच चटकन् पालटतो कीं कांहीं खेपांनंतर मंदावतो, हें मोजून वहींत टिपून ठेवावें. चुन्याच्या निवळींत दुप्पट पाणी घालून तोच प्रयोग पुन्हां करावा, व रंग पालटण्यास किती थेंब अधिक लागले तें शेजारीं लिहावें.